गोविंदरावांना यहुदी करील असा माणूस

मिसली, म्हणजे कचेरीतल्या फायली, दाबून ठेवता येतात, किस्से येत नाहीत. जालन्याच्या ज्या तहसील कचेरीत मी कारकुनी केली, तिथल्या कागदांना केव्हाच वाळवी लागली. पण दोन जुने कारकून भेटले की आमचे गोविंदराव निघतातच. ते पुढं अब्राहाम झाले, तरी आमच्या तोंडी गोविंदरावच!

गोविंदराव केदारखेड्याचे, घरचे शेतकरी, कचेरीत माझ्याच बरोबरीचे कारकून. पाय मोडून मिशनच्या दवाखान्यात महिनाभर पडले. तिथं बायबल हाती आलं. त्यातली पहिली पाच, मोशेची पुस्तकं, म्हणजे यहुद्यांचं धर्मशास्त्र, त्यांनी तीनदा वाचली. मिशनवाले खूश! पण गोविंदराव म्हणाले, "मला इथंच थांबायचंय. पुढचं राहू द्या."

कचेरीत येऊन त्यांनी जाहीर केलं, "मी यहुदी व्हायचं ठरवून राह्यलो."

तहसीलदारांपुढं मिसली मांडणारे आमचे पेशकार खानसाहेब, कचेरीत सर्वांत वडील. त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "बराबर है. लेकिन दरखास्त कोणाच्या नावानं करणार?"

तीच तर अडचण होती! जालन्यात हे शिकवणार कोण? गोविंदरावांना धास्ती एकच. "शिकवणाराच खोटा निघाला, तर मी इकडचा न्हाई अन् तिकडचा बी न्हाई."

राजूरला चतुर्थीच्या गर्दीत एक सुरमेवाला भेटला. दाढी छातीपर्यंत. "मी खास जेरुसलेमचा. चार दिवसांत यहुदी करतो!"

यहुद्यांचा विसाव्याचा वार शनिवार, म्हणून गोविंदरावांनी हळूच विचारलं, "शनिवार पाळता?"

"म्हणजे काय! मारुतीचं दर्शन घेतल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही!"

मग मुंबईच्या कुणा प्रोफेसरानं टपालानं यहुदी झाल्याचं सर्टिफिकेट धाडलं. नावाची जागा कोरी, खाली छापलेलं 'उत्तीर्ण'. गोविंदराव जरा विरघळले होते. खानसाहेबांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "जावक नंबर न्हाई. खुदा बिलकुल दाखल करून घेणार न्हाई!"

अखेर स्टेशनवर रूबेनजी नावाचे गार्ड बदलून आले. अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे यहुदी. गोविंदराव त्याच संध्याकाळी त्यांच्या दारात.

"घरी जा हो," रूबेनजी म्हणाले. "घरची शेती आहे, सरकारी नोकरी आहे. सुखात आहात ना?"

दुसऱ्यांदा गेले तर त्यांनी दार लावलं. तिसऱ्यांदा खिडकीसुद्धा!

गोविंदराव रडकुंडीला आले. "हाकलून देतो हो माणूस!"

खानसाहेब पान लावत होते. "पहिले दोघं गळ्यात पडले, हा हाकलतो. मियाँ, हाच अस्सल. जल्दी जा!"

चौथ्यांदा रूबेनजींनी आत घेतलं. "मी रब्बाय, म्हणजे आमचा धर्मगुरू, नाही; गार्ड आहे. येतं तेवढं शिकवीन, येत नाही तिथं नाही म्हणीन. पदरात घेणं मुंबईच्या तीन पंचांच्या हातात."

गोविंदराव दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "'मला येत न्हाई' म्हणणारा मास्तर पहिल्यांदाच पाहून राह्यलो!"

यहुद्यानं शनिवारी लिहायचं नाही. निजामी राज्यात आमची सुट्टी मात्र शुक्रवारी! गोविंदराव राजीनामाच लिहायला बसले. रूबेनजींनी थांबवलं. "अजून तुम्ही यहुदी नाही. उमेदवारानं दर शनिवारी निदान एक तरी मनाई मोडायचीच, असा रिवाज आहे."

झालं! दर शनिवारी गोविंदराव कचेरीत येत, हजेरीपटावर सही करून मनाई मोडत आणि दिवसभर हात बांधून बसत. त्यांच्या मिसली मी लिहीत असे. तीन वर्षं! धर्म त्यांचा, बोटं माझी.

शेवटी रूबेनजींनी पंचांच्या नावे शिफारसपत्र दिलं. लखोट्यावर लाख. गाडीत मनमाड येईपर्यंत गोविंदरावांनी तो दहा वेळा उन्हाकडं धरला, काही दिसेना. 'नालायक' असं लिहिलं असेल तर?

मुंबईत तिन्ही पंच बसले. मधल्या म्हाताऱ्यानं लखोटा फोडला, पत्र वाचलं, शेजारच्याला दिलं. त्यानं तिसऱ्याला. गोविंदरावांचा धीर सुटला.

"साहेब, लई वाईट लिवलंय का?"

म्हाताऱ्यानं पत्र त्यांच्याच हातात दिलं. आत दोनच ओळी होत्या:

"या गृहस्थांना घालवून देण्यात मला तीन वर्षं यश आलं नाही. आपण तिघे आहात, प्रयत्न करून पाहावा."