खाडीकाठचं आयरिश घर

"ताई, खलास... शेठ गेले." आमच्या सेटच्या सुताराचा, चंदूकाकांचा फोन आला तेव्हा मी अबू धाबीत अल रीम आयलंडवर लेकीच्या घरी नातवाला वरणभात भरवत होते. बाहेर धुकं इतकं होतं की बाविसाव्या मजल्यावरून समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती, सगळं नुसतं पांढरं. माझा चेहरा बघून नातवाने विचारलं, "आजी, हू डाइड?" माझा बॉस, मी म्हटलं. ते काही खरं नव्हतं, पण सहा वर्षांच्या पोराला ब्रेंडन कोण होता हे काय सांगणार? आज दीड महिना झाला, मोठ्यांनाही मला ते धड सांगता येत नाही. निदान लिहून तरी बघावं म्हणून बसले आहे.

ब्रेंडन आयर्लंडचा. मिसरूड फुटायच्या वयात देशासाठी बंदूक उचललेला, त्यापायी चार वर्षं तुरुंगात काढलेला, आणि सुटल्यावर लंडनमध्ये शूटिंगच्या वायरी ओढता ओढता सिनेमात शिरून निर्माता झालेला. स्वतःला तो सैनिक म्हणवायचा. समोरच्या बाजूचे लोक त्याला काय म्हणायचे तेही तोच हसून सांगायचा. वीस वर्षांपूर्वी त्याने शारजात ऑफिस थाटलं आणि त्याला फोन घेणारी बाई हवी होती. माझ्या नवऱ्याची नोकरी तिथेच, हमरिया बंदरात, लेक शाळेत, आणि मी डोंबिवलीची बी. कॉम. घरात बसून भिंती मोजत होते. सहा महिन्यांत मी त्याची प्रॉडक्शन मॅनेजर झाले. इंग्रजीत अहो-जाहोची सोय नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासून आमचं अरे-तुरेच. मी त्याला इतकं बोलायची की माझ्या नवऱ्याला त्याची दया यायची.

शारजापुढचं उम्म अल कुवैन त्याचं फार लाडकं. तिथली उथळ खाडी, पाण्यात उभी असलेली तिवरं, दुपारी सगळं हलकं होऊन तरंगतंय असं वाटायला लावणारा तो उजेड... त्या एका किनाऱ्याचं त्याने काय काय केलं! कधी इराण, कधी आफ्रिका, एकदा तर चक्क आपलं कोकण. त्याचा नियम एकच होता, सेटवर बंदूक आणायची नाही, प्लास्टिकचीसुद्धा. त्यापायी बरी बरी कामं हातची गेली. कारण विचारलं की म्हणायचा, आवाज होतो. मीही त्यावर विश्वास ठेवला, कारण ठेवणं सोपं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या फुप्फुसांचं दुखणं निघालं, आणि ते वाढल्यावर तो अचानक म्हणाला, आता माझी गोष्ट करायची. गोष्ट आम्हाला पाठ होती. एकोणीस वर्षांचा असताना तो पाठलागातून निसटून सीमेजवळच्या एका खेड्यात शिरला. नोरा नावाच्या विधवेने त्याला तीन दिवस घरात लपवलं. तो गेल्यावर ब्रिटिश सैनिकांनी झडती घेतली, बंदूक सापडली, आणि नोराला दोन वर्षं तुरुंगात काढावी लागली. तिने त्याचं नाव काही सांगितलं नाही. "आमच्यासाठी बंदूक सांभाळणारी शूर बाई," असं तो प्रत्येक मुलाखतीत सांगायचा. खेड्यात तिच्या नावाची पाटीसुद्धा लागली होती.

तर नोराचं घर खाडीकाठी उभं राहायला लागलं. बांधणारे आमचे सुतार चंदूकाका, गुहागरकडचे, तीस वर्षं आखातात, बायकोमुलं गावी. ब्रेंडनने हाताने नकाशा काढून दिला होता. त्यात बटाट्यांची लाकडी पेटी होती दाराशी, भिंतीच्या कोपऱ्यात. चंदूकाकांनी ती बांधली चुलीला लागून, बसल्या जागी हात पोचेल अशी. मी कपाळाला हात लावला. नकाशा समोर ठेवून कोकणातलं स्वैपाकघर बांधलंत की हो काका, म्हटलं. तेवढ्यात ब्रेंडन आला. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त राग आला होता, आणि त्याने चंदूकाकांना त्याच्या मोडक्या हिंदीत विचारलं, पेटी इकडे का? चंदूकाका शांतपणे म्हणाले, "शेठ, बाईमाणूस दिन में तीन बार इसमें हाथ डालेगी. दूर कायको रखेगी?"

ब्रेंडन पेटीजवळ गेला. झाकण उघडलं, मिटलं. मग तिथेच खाली बसला. मी पाणी आणलं तर म्हणाला, बरोबर आहे, पेटी इथेच होती. मीच ती पन्नास वर्षं दाराकडे सरकवत आणली.

त्या दुपारी त्याने मला खरं सांगितलं. नोराने बंदूक सांभाळली नव्हती. तिला न विचारता, न सांगता, त्याने ती आल्या आल्या तिच्या बटाट्यांच्या तळाशी लपवली होती आणि चौथ्या दिवशी पहाटे तिथेच सोडून निघून गेला होता. रिकाम्या हाताने पळणं सोपं म्हणून. तिला काहीच माहीत नव्हतं आणि ती फुकट तुरुंगात गेली, हे ओझं तो आयुष्यभर वाहत होता. त्यावर झाकण म्हणून शूर बाईची गोष्ट त्यानेच रचली होती. आणि आता आमच्या सुताराच्या बोलण्यातून प्रश्न उभा राहिला होता की जी बाई दिवसातून तीनदा त्या पेटीत हात घालणार, तिला कळलं नसेल? हा प्रश्न त्याला पन्नास वर्षांत एकदाही पडला नव्हता. बायका रोज काय करतात याचा विचार करायची त्या बंदूकवाल्या पोरांना सवय नव्हती, असं तो स्वतःच म्हणाला. तिला माहीत होतं का, एवढंच त्याला आता हवं होतं. सिनेमा त्याच्या डोक्यातून गेलाच.

नोरा कधीच वारली होती. तिची मुलगी मेरी मात्र होती, तेव्हा आठ वर्षांची, त्या तीन दिवसांत घरातच असलेली. ब्रेंडनने त्या खोट्या घराच्या उंबऱ्यावर बसून सगळं कॅमेऱ्याला सांगितलं. एकच शॉट, तेरा मिनिटांचा. चंदूकाका त्याच्या चेहऱ्यावर उजेड पाडायला थर्माकोलचा पांढरा बोर्ड धरून उभे होते, त्यांना इंग्रजी फारसं कळत नाही तरी त्यांचे डोळे भरले होते. मागे भरतीचं पाणी तिवरांत हळूहळू चढत होतं. शेवटी त्याने मेरीला विचारलं, तुझ्या आईला ठाऊक होतं का? मग मला म्हणाला, "सेंड इट आफ्टर आय ॲम गॉन." मी म्हटलं, अरे, उत्तर ऐकायला तू नको का? तो म्हणाला, मला गोळीची भीती वाटायची नाही, तिच्या पत्राची वाटते. मी आणखी वाद घातला नाही. त्याला धाप लागली होती, आणि मला वाटलं, आजारी माणसाचं मन मोडू नये.

दफनाला आम्ही दहा-बारा माणसं होतो. घरी येऊन मी व्हिडिओ पाठवला. नवव्या दिवशी मेरीचं उत्तर आलं. स्वैपाकघरात उभ्या उभ्या वाचलं आणि मग गॅस बंद करून पुन्हा वाचलं. तिने लिहिलं होतं की आईला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. बटाटे काढताना बंदूक हाताला लागली. आईने ती पुसली आणि पिठाच्या पिंपात ठेवली, कारण बटाट्यांना ओल असते, गंज चढला असता. मुलगा लहान आहे, घाबरला आहे, त्याला लाजवायचं नाही, असं मेरीला बजावलं होतं. तुरुंगातून आल्यावर दर नाताळला ती एक ताट जास्त मांडायची. तो एकदा तरी येईल, म्हणायची. मेरीने शेवटी विचारलं होतं, तो का नाही आला?

तो व्हिडिओ पाठवण्याआधी सात आठवडे माझ्या फोनमध्ये होता. त्यातले सहा आठवडे ब्रेंडन शुद्धीवर होता, बोलत होता, खिडकीकडे बघत पडून असायचा. एक बटण दाबायचं होतं. एरवी त्याला जुमानत नव्हते मी, आणि त्या वेळी मेली कुठून शहाणी झाले! उत्तर कसं आहे हे मला थोडंच माहीत होतं, असं नवरा समजावतो. तो बरोबरच असेल. मला त्याने बरं वाटत नाही.

चंदूकाकांना पत्राचा अर्थ सांगितला तेव्हा ते नोराच्या घराचा सेट उतरवत होते. त्यांनी हातातली पहार खाली ठेवली. त्यांनी विचारलं, "मग शेठना सांगितलंत का?"

अगदी सहज विचारलं, शेठ आत बसले आहेत अशा सुरात. मी आत गेले. छत अर्धं उतरवलं होतं आणि उन्हाचा मोठा चौकोन जमिनीवर पडला होता. चंदूकाका दाराबाहेर पाठ करून उभे राहिले. मी ते पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचलं, ताटापर्यंत, मेरीच्या प्रश्नापर्यंत. मग म्हटलं, ब्रेंडन, हे तुला जिवंतपणी मिळालं असतं, मी पाठवलं नाही.