पत्ता दिघीचा, म्हणून एक वजा

लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील. नववीत शाळा सोडली, म्हणून आधीच माफी मागतो. चारचौघांत मला नीट बोलता येत नाही. लिहायला बसलं की जरा धीर येतो.

रेवदंड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी कामाला आहे. गावोगावच्या दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या बाइकवरून आणायच्या, हे माझं काम. आमच्याकडचे किस्से कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्यांसारखे साठत जातात, उचलणारी गाडी काही वेळेवर येत नाही. पूर्वी मित्रांना सांगताना मीच आधी हसायचो. पण दिघीला राहणाऱ्या माझ्या मामाच्या किडन्या बिघडल्या, त्याचं रक्तही आमच्याच मशीनवर लागायला लागलं, आणि माझं हसू गेलं. आमच्या रिपोर्टवर त्याच्या गोळ्या ठरतात.

*

रोज सकाळी मशीनवर आधी 'कंट्रोल' लावतात. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं असं बाटलीतलं सिरम. मशीनने तेच उत्तर दिलं तर पेशंटचं रक्त लावायचं. नाही दिलं तर थांबायचं आणि चूक शोधायची.

एकदा कंट्रोल नापास झाला. टेक्निशियन शिल्पा मॅडम थांबल्या. आमचे सर, म्हणजे लॅबचे मालक, म्हणाले, "परत लावा." परत नापास. "परत लावा!" असं करता करता जेवायची वेळ झाली आणि एकदाचं उत्तर जुळलं.

सर खूश! "बघा मॅडम, मशीनलासुद्धा चान्स द्यावा लागतो."

मॅडम म्हणाल्या, "सर, मला एवढे चान्स मिळाले असते तर मी डॉक्टर झाले असते!"

सगळे हसले. चूक कुणी शोधली नाही.

*

क्वालिटीचं सर्टिफिकेट हवं म्हणून तपासणीला एक साहेब आले. फ्रिजमधल्या थर्मामीटरवर बरोबर पाच डिग्री. "उत्तम!" म्हणत साहेबांनी थर्मामीटर बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि चहा घ्यायला बसले.

मे महिना, त्यात लाइट गेलेली. साहेबांच्या शर्टाची पाठ ओली झाली. चहा संपला तरी टेबलावरचा थर्मामीटर पाचच दाखवत होता!

साहेबांनी एकदा थर्मामीटरकडे बघितलं, एकदा सरांकडे.

सर म्हणाले, "चांगल्या कंपनीचा आहे साहेब. हलत नाही!"

जाताना साहेबांच्या डिकीत पापलेटची पिशवी होती. सर्टिफिकेट भिंतीवर आहे.

*

मधूनमधून बाहेरून एक नमुना येतो. त्याचं उत्तर आपल्याला माहीत नसतं. आपण तपासून कळवायचं, मग नमुना पाठवणारे सांगतात की आपली लॅब किती बरोबर. सर तो नमुना मशीनला लावतच नाहीत. पेणच्या लॅबवाल्या मित्राला फोन लावतात, "तुझं किती आलं रे?" तो सांगतो तोच आकडा इकडूनही जातो.

एकदा सगळंच चुकलं. सर फोनवर तापले, "अरे, मी तुझ्या भरवशावर लिहिलं!"

तिकडून पेणवाला म्हणाला, "माझ्या भरवशावर? आमचं मशीन महिनाभर बंद हाय. मी आपला अंदाजानं आकडा टाकला!"

*

दिघीचं रक्त आमच्याकडे यायला वेळ लागतो. आधी आगरदांड्याची बोट पकडायची, मग उन्हातान्हात खड्ड्यांतून बाइक. रक्त असं तापलं, हिंदकळलं की तपासणीत पोटॅशियम उगाच जास्त दिसतं, किडनी बिघडल्यावर दिसतं तसं. एके दिवशी तिकडच्या डॉक्टरांचा फोन आला, "अख्ख्या दिघीच्या किडन्या एकदम गेल्या की काय?"

मॅडम सरांना म्हणाल्या, "तिथेच एक छोटं मशीन ठेवू. रक्त फिरवून सिरम वेगळं करायचं आणि तेच आणायचं."

"त्याला खर्च आहे," सर म्हणाले. "पत्ता दिघीचा असेल तर पोटॅशियममधून एक वजा करा. वजाबाकी फुकट आहे!"

तेव्हापासून दिघीकर तब्येतीने एकदम ठणठणीत झाले.

*

गेल्या आठवड्यात मामा स्वतः लॅबमध्ये आला. रेवदंड्यात लग्नाला आला होता, जाता जाता रक्त देऊन गेला. आमच्याच खुर्चीवर बसून. रक्त लगेच मशीनवर लागलं.

पोटॅशियम सहाच्या वर! साडेपाचच्या आत हवं. मॅडमचा चेहरा उतरला. "हे खरं आहे. यांचं हृदय बंद पडू शकतं. डॉक्टरांना आत्ताच फोन करते."

सरांनी रिपोर्ट बघितला. "पत्ता?"

"दिघी. पण सर, रक्त इथे घेतलंय."

"पत्ता दिघीचा आहे ना? मग एक वजा. एकाला एक नियम, दुसऱ्याला दुसरा, असं क्वालिटीत चालत नाही!"

मॅडम भांडल्या. सरांनी रिपोर्ट स्वतः दुरुस्त केला, मामाच्या मोबाइलवर पाठवला आणि मॅडमना म्हणाले, "तुम्ही घरी जा. उद्यापासून आला नाहीत तरी चालेल."

मी कोपऱ्यात नळ्या लावत होतो. हातातल्या नळ्या तशाच ठेवल्या. बाहेर जाऊन मामाला फोन लावत राहिलो, संध्याकाळी कुठे लागला.

"जयभीम मामा. कुठं आहेस?"

"घरी पोचलो. अरे, रिपोर्ट चांगला आला! डॉक्टरनं बंद केलेलं शहाळं आज प्यायलो बघ. किती महिन्यांनी!"

"मामा, पिऊ नको. त्यात पोटॅशियम असतं. रिपोर्ट चुकलाय. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा."

"नववीतून पळालेला तू, आणि सरांना चुका दाखवतोस व्हय?" मामा हसला आणि त्याने फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

सकाळी पहिल्या बोटीने दिघीला गेलो. मामा ओट्यावर बसला होता. पाय जड झालेत म्हणाला. मी बाइक बंदच केली नाही.

"बस मागं. अलिबागला जायचंय, सरकारी हॉस्पिटलात."

"अरे पण रिपोर्ट चांगला हाय ना? तुमच्याच लॅबचा हाय!"

मी म्हटलं, "म्हणूनच, मामा. बस."