उंटीणबाईंचा आडोसा

माझ्या सासूबाई घराबाहेर पाण्याचा थेंबही तोंडात घालत नसत. सकाळी कपभर चहा, की मग दिवसभर चिखल, ऊन, धानाची रोवणी, आणि घरी परतल्यावरच पाण्याचा गडवा तोंडाला. गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात रोवणीच्या टोळीनं त्यांचं नावच उंटीणबाई पाडलं होतं. बाईंना त्याचा राग नव्हता, उलट मान ताठ व्हायची. "पाणी पेलं का बसाले जा लागते," त्या म्हणायच्या, "अन् बसाले आड हाय कुठी?"

खरंच नव्हता. धानाची बांधी म्हणजे चौफेर बांधाचं उघडं ताट, आणि बांधावर रोपांच्या जुड्या फेकणारे गडी उभे. मी वरोऱ्याची, कापसाच्या मुलखातली. आमच्याकडे तुरीच्या ओळीत शिरलं की कोणाच्या बापाला दिसत नाही. इथे बाया दिवसभर गुडघाभर पाण्यात उभ्या आणि घसा कोरडा! पहिल्या वर्षी मी गड्यांसाठी ठेवलेल्या घागरीतून घटाघटा प्यायले, तर साऱ्या टोळीच्या नजरा माझ्यावर. बाई म्हणाल्या, "वरोऱ्याची हाय, शिकन हळूहळू." शिकले. पुढच्या हंगामात कोणीतरी म्हणालं, "सूनही उंटीणच निघाली वं!" तेव्हा मी मूर्खासारखी फुलून गेले होते.

बाई दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. सासू म्हटलं की लोक कान टवकारतात. मला दिवस गेले तेव्हा तलावातल्या मरळ माशाचं डोकं त्या माझ्याच ताटात वाढायच्या आणि त्यांचा लेक नुसता बघत राहायचा. रोवणीत माझं वाकणं बंद केलं. मी बांधावर बसून रोपांच्या जुड्या सोडायच्या, एवढंच काम. पण पाण्याचं काही त्यांच्या मनात आलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही नाही.

सातव्या महिन्यात लघवीला जळजळ सुरू झाली. कंबर ठणकायची. बाईंच्या कानात सांगितलं. "उष्णता झाली. घरी गेल्यावर धन्याचं पाणी पे. अन् खालचं दुखणं गावभर सांगत नको फिरू." आरोग्य उपकेंद्राची आशाताई घरी आली, तिनं नेमकं तेच विचारलं, "जळजळ गिळजळ होते का?" ओसरीवर सासरे बसलेले. मी पदर ओढून नाही म्हणाले, बाईंनीही मान हलवली. तिनं लघवी तपासायला एक डबी दिली होती, ती मी कोनाड्यात देवाच्या फोटोमागे ढकलून दिली. ती डबी हातात धरून भर गावातून उपकेंद्रापर्यंत जायचं? लाजेनं मेले असते!

मरायची वेळ आली ती वेगळ्याच वाटेनं. भर दुपारी बांधावर मला थंडी वाजायला लागली, दात वाजेपर्यंत. अंग तव्यासारखं तापलं आणि पोट घट्ट होऊ लागलं. तालुक्याच्या दवाखान्यानं चंद्रपूरला धाडलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की लघवीतला जंतुसंसर्ग वर किडनीपर्यंत चढलाय, म्हणून दिवस भरायच्या आधीच कळा येताहेत. बाळाचं काही सांगता येत नाही, आईचंही जपावं लागेल. "वेळेवर लघवी तपासली असती तर गोळ्यांनी बरं झालं असतं हो! पाणी किती प्यायची ही?"

माझा नवरा जमिनीकडे बघत होता. बाई दाराशी उभ्या होत्या, लुगड्यावरचा चिखल वाळून पापडासारखा झालेला. त्या पुढे आल्या आणि सगळा वॉर्ड ऐकेल अशा आवाजात म्हणाल्या, "तहान माराले म्या शिकवलं तिले. तिले नोका बोलू. मले बोला." डॉक्टरीणबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाई पुढे अनेकदा म्हणाल्या.

कळा थांबल्या नाहीत. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. जगते की नाही, हे रोज सकाळी नव्यानं विचारावं लागायचं. पुढे नर्सनं सांगितलं, बाळाला कोणीतरी उघड्या छातीशी धरून ऊब द्या. माझा ताप उतरला नव्हता. बाई मागे सरकल्या. "नाई, माह्या हातानं नोको." माझी आई वरोऱ्याहून आली, तिनं धरलं.

पोर जगली. पण बाईंनी तिला मांडीवर घेतलं नाही ते नाहीच. दुपटी धुतली, तेल कोमट करून दिलं, पुढे शाळेचा डबा भरला, पण हातभर लांबूनच. गाव म्हणालं, नात झाली म्हणून उंटीणबाईचं तोंड वाकडं. मी एकदा चिडून विचारलं तेव्हा चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "तिले पाह्यतो तं मले माहीच लाज वाटते, बाई."

पोर झाली त्याच्या पुढच्याच वर्षी रोवणीला बाई डोक्यावर घागर आणि काखेत आपलं जुनं हिरवं लुगडं घेऊन निघाल्या. बांधाच्या कोपऱ्यात चार बांबू ठोकले, लुगडं गुंडाळलं आणि ओरडल्या, "प्या वं साऱ्याजणी! आडोसा धरला हाय!" गडी हसले. एकही बाई हलेना. मग उंटीणबाई गडवाभर पाणी सगळ्यांसमोर प्यायल्या, आणि थोड्या वेळानं त्या गड्यांच्या समोरून ताठ चालत लुगड्याआड गेल्या. जन्मभर लपवलेली गोष्ट! मी मान खाली घातली. एवढं सोसूनही मला त्यांचीच लाज वाटली, ह्याचं आज वाईट वाटतं. त्या बाहेर आल्या तेव्हा टोळीतली एक पोटुशी पोर मुकाट्यानं उठली आणि आत गेली. मग रांगच लागली.

गेल्या वर्षी बाई पडल्या, खाटेला खिळल्या. आणि पुन्हा उंटीण झाल्या. पाणी नेलं की ओठ घट्ट मिटायच्या. "तुले किती उठा-बसा करा लागते माह्यासाठी." साफसफाई मला करावी लागते, याची लाज. ओठ फुटले, जीभ कोरडी पडली. मी रागावले, विनवलं, रडले. काही उपयोग नाही.

माझी लेक शाळेतून आली, दप्तर टाकलं, पेटीतून ते हिरवं लुगडं काढलं. एक टोक खिडकीच्या गजाला, एक दाराच्या कडीला बांधलं, आणि आत खाटेपाशी गडवा घेऊन बसली. दरवर्षीच्या रोवणीतली आजीची आरोळी तिला तोंडपाठ होती.

"पे वं आजी. आडोसा धरला हाय."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, खूप वेळ. मग हात उचलला आणि पहिल्यांदाच माझ्या लेकीचा हात धरला, गडव्यासकट. आणि प्यायल्या.