वहिनी खोगिरावर बसली

दादा पुण्याकडे एका स्टड फार्मवर घोडे सांभाळायचा. तिथं हॉलंडहून आणलेल्या फ्रिजियन घोड्यापासून मारवाडी घोडीला एक शिंगरू झालं. मालकाला ते नको होतं. दादानं ते मागून घेतलं आणि टेम्पोत घालून डोणगावजवळच्या आमच्या शेतात आणलं. काळंभोर, अंगावर एक पांढरा केस नाही, आणि खुरांवर लोंबणारे लांब केस. माय म्हणाली, "हे त पायाले झालर लावून आलं."

"पाठ भरू दे त्याची. मग मी येतो आन् खोगीर शिकवतो," असं सांगून दादा परत गेला.

पाठ भरायच्या आतच दादा गेला. साध्या तापाचं निमित्त झालं. वहिनी पुण्याची खोली सोडून कायमची आमच्याकडे आली. ती फारसं बोलत नसे. सकाळ-संध्याकाळ घोड्याला चारा टाकायची, खरारा करायची आणि तिथंच बसून राहायची.

लग्नाच्या वरातीत घोडे देणारा एक जण एकदा घरी आला. असा काळा घोडा त्याला हवाच होता. आबांचं मन झालं होतं. तेव्हा वहिनी पहिल्यांदा आबांसमोर बोलली. "विकायचा असन त विका. पण खोगीर शिकवतो म्हणले होते ते. तेवढं होऊ द्या."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. दादाच्या हाताखाली थोडंफार शिकलेला घरात मीच होतो.

सोयाबीन निघालेल्या वावरात मी लांब दोरावर घोड्याला गोल फिरवू लागलो. मग पाठीवर गोधडीची घडी, मग रिकामं खोगीर. खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तंग, आवळला त्या दिवशी त्यानं पाठ कमानीसारखी केली, दोर माझ्या हातातून हिसडला आणि घोडा थेट कपाशीत घुसला. तळहात सोलून निघाला. मी धावणार, तर वहिनी म्हणाली, "थांबा भाऊजी." ती सावकाश चालत वावराच्या कडेला धुऱ्यावर जाऊन उभी राहिली. हाक नाही की काही नाही. बऱ्याच वेळानं घोडा आपणहून तिच्याजवळ आला. त्या दिवसापासून खोगीर चढवताना ती त्याच्या तोंडापाशी उभी राहू लागली.

मग माणूस बसवायची वेळ आली. मी खोगिरावर नुसता पोटावर आडवा पडलो तरी घोडा थरथरायचा. माझं वजन जास्त. पहिला स्वार हलका पाहिजे, असं दादा सांगायचा. जेवताना मी तसं बोललो.

"मी बसू का?" वहिनीनं विचारलं.

मायचा हात परातीतच थांबला. "अन् लोक काय म्हणतीन?"

आबांनी घास गिळला. "घोडं तिच्या नवऱ्याचं हाये. बसू दे तिले."

सकाळी ती पंजाबी ड्रेस घालून आली. आमच्या घरात तसे कपडे घातलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी ओंजळ केली, तिनं त्यात पाय ठेवला, खोगिरावर आडवी झाली, आणि जरा थांबून पाय पलीकडे टाकला. घोड्याचे कान मागे गेले. माझ्या हातातला लगाम ताणला गेला. ती वाकून त्याच्याशी काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. मग त्यानं एक पाय उचलला, मग दुसरा.

कापूस वेचायला निघालेल्या बाया रस्त्यावर थांबल्या होत्या. वाटलं, आता काहीतरी बोलणार. त्यांच्यातली एक ओरडली, "घट धरजो व माय!"

वहिनी उतरली, तरी तिनं आयाळ धरूनच ठेवली होती.

"घाबरल्या का?" मी विचारलं.

"हाव," ती म्हणाली. आयाळीतून हात फिरवत तिनं विचारलं, "त्यायले बी पहिल्यांदा असंच वाटलं असन का हो?"

दादाला मी हे कधी विचारलं नव्हतं. मी तंग सोडायला लागलो.

वरातवाला पुन्हा आला, तेव्हा आबांनी कोणाला न विचारता त्याला चहा पाजून परत पाठवलं. आता घोडा मलाही बसू देतो. पण सकाळची रपेट वहिनीचीच. माय अजूनही त्या वेळी बाहेर येत नाही. कधी वहिनी रडून लाल झालेल्या डोळ्यांनी परत येते. खोगीर उतरवते, घोड्याला पाणी दाखवते आणि स्वयंपाकाला लागते.