माळ आणि माय

मी पांढुर्ण्याचा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, तरी बांधाच्या भांडणात काठीनं चुलतभावाचं डोकं फोडलं. तो वाचला, मला शिक्षा झाली. जाताना माळ काढून मायच्या हाती दिली. तिच्या तोंडाकडं बघायची हिंमत झाली नाही. ऐंशी-पंच्याऐंशी सालच्या सुमाराची ही गोष्ट.

तुरुंगात दुपारी लिंबाखाली साक्षरतेचा वर्ग भरे. शिकवणारा बोरगावचा एक बौद्ध कैदी, सगळे त्याला गुरुजी म्हणत. "भाऊ, या ना, बसा," तो रोज बोलवायचा. "मले काय मास्तर व्हाचं हाय?" मी फटकन म्हणायचो. खरं म्हणजे त्याच्या हातून पाटी घ्यायला शिवाशिव आडवी येत होती. आज हे लिहिताना लाजेनं कान तापतात.

पोळ्याआधी बहिणीचं कार्ड आलं. आमच्याच बोलीच्या, सौंसरकडच्या शिपायानं वाचायला घेतलं, "दादा, तुयी माय जामीत गेली. जीवाले लावून घेऊ नको." तेवढ्यात त्याला हाक आली, कार्ड माझ्या हातात टाकून तो गेला. जाम म्हणजे आमची नदी. दोन दिवस घास उतरला नाही. मीच मायला मारलं, दुसरं काही सुचेना. देवाला म्हटलं, मायबापा, मी हरलो, आता तूच काय ते कर.

तिसऱ्या दिवशी गुरुजी आपणहून शेजारी येऊन बसले. "कार्ड दाखवता का भाऊ?" वाचता वाचता ओरडलेच, "अजी, हे माय नाही! हा ळ हाय, ळ! तुमची माळ गेली नदीत. धुनं धुताना मायच्या गळ्यातला दोरा तुटला. माय नवी माळ घेऊन मुलाखतीले येऊन राहिली!"

आमच्या बोलीत डोळ्याचा डोया होतो आणि माळेची माय. शिपाई चुकला नव्हता. ओळ दोन दिवस माझ्याच हातात होती, मला अक्षर येत नव्हतं.

मी रडत त्यांच्या पायाशी वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले. "पाया नका पडू. पाटी घ्या." काठी मारणारा माझा हात त्यांनी हातात धरला आणि ळ गिरवून घेतला.

माय आली तेव्हा मी तिच्यासमोर पाटीवर 'माळ' लिहिलं. "कोनं शिकवलं रे?" सांगताना मान खाली गेली, वर्गाला का बसत नव्हतो तेही सांगितलं. माय नवी माळ माझ्या हातात देत म्हणाली, "आधी त्याहीले माहा जयभीम सांग. मंग घाल गळ्यात."

देवापुढं मी जन्मभर वाकलो होतो. माणसापुढं वाकायला त्याच देवानं मला तुरुंगात नेलं, त्याचे उपकार. गुरुजींना निरोप सांगितला आणि मगच माळ घातली.