पाणी मागून बघा

शुक्रवारी मटण शिजेपर्यंत आमच्या दोहाच्या खोलीत माणसं पळवली जायची. हे काम आमच्या इलेक्ट्रिशियनकडे होतं. गडी परभणीकडचा. मोबाइलवर रहस्यकथा वाचायचं त्याला व्यसन, आणि एकट्यानं वाचून त्याचं समाधान होत नसे. कांदा परतायला टाकला की तो पलंगावर मांडी घालून मोठ्यानं सुरू करायचा. त्या हिवाळ्यात त्याला युरोपातल्या एका टोळीची कथा सापडली होती. गरीब देशांतली माणसं नोकरीच्या आशेनं तिकडे जायची, टोळी त्यांचे पासपोर्ट काढून घ्यायची आणि बंद ट्रकमधून शेतांवर नेऊन राबवायची. टोळीच्या म्होरक्याच्या गालावर व्रण होता आणि तो काळा चष्मा अंधारातसुद्धा काढत नसे. मग तो ठेचकाळून पडत कसा नाही, असं मी दर शुक्रवारी विचारायचो, आणि इलेक्ट्रिशियन दर शुक्रवारी चिडायचा.

मी बस चालवतो. रास लफानच्या गॅस प्रकल्पावर शिफ्टची माणसं न्यायची आणि थकलेली परत आणायची. साताऱ्याकडचा आहे, पन्नाशी ओलांडली आहे, म्हणून खोलीत मला मामा म्हणतात. तिसरा आमचा वेल्डर, रत्नागिरीच्या खाडीकाठचा मुसलमान. त्याला आम्ही भाई म्हणतो. जुम्याचा नमाज उरकून आला की मटण तोच करायचा. मसाला त्याच्या बायकोनं पाठवलेला असे. डबा उघडला की तो आधी वास घ्यायचा आणि मगच चमचा घालायचा. बायको आणि मुलगी गावाला, त्याच्या पगारात कुटुंब इकडे आणणं बसत नव्हतं. तो आला तेव्हा मुलगी रांगत होती, आता दहावीला होती आणि फोनवर बापाशी पाहुण्याशी बोलावं तशी बोलायची. त्याला हे फार लागायचं.

अशात त्याला दोहातल्याच मुशैरिब भागात एका हॉटेलच्या कामावर एक एजंट भेटला. युरोपात वेल्डरला हात जोडून बोलावतात, असं एजंटनं सांगितलं. वर्षभरात बायकोमुलांना नेता येतं, असंही सांगितलं. पहिलं वाक्य भाईनं ऐकलंसुद्धा नसेल. दुसरं मात्र त्याच्या काळजात जाऊन बसलं.

"राजीनामा एक तारखेला देतो," मटण हलवता हलवता त्यानं जाहीर केलं. "व्हिजिट व्हिसावर जायचा. विमानतळावर कंपनीचा मानूस येनार हाय. पासपोर्ट त्याच्याकडे द्यायचा, नोंदणीला."

अर्ध्या तासापूर्वी आम्ही नेमकं हेच ऐकलं होतं, तेही गोळीबारासकट. मी इलेक्ट्रिशियनकडे पाहिलं. त्यानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "त्याच्या गालावर व्रण हाय का?"

"नाय. टक्कल हाय. खजूर आनतो."

"मग काही टेन्शन नाही," इलेक्ट्रिशियन म्हणाला आणि पुढचं प्रकरण उघडलं.

मी कपाळावर हात मारला. गावाकडे मी सोयरिकी जुळवतो. सुट्टीवर गेलो की सासुरवाडीला जायच्या आधीच लोक मला गाठतात. माझी जुळवलेली लग्नं टिकली आहेत, आणि मी मोडलेल्या ठरत्या लग्नांचं पुण्य त्याहून जास्त आहे. मी भाईला म्हणालो, "आरं, हे स्थळ हाय. पोरगी द्यायची तर आपण सात घरं विचारतो. तू सोताला द्यायला निघालास आन् घराचा उंबरासुदिक बघितला न्हाईस?"

"मामा, हे लगीन नाय, नोकरी हाय."

"नांदायचंच हाय की तिकडं. येगळं काय हाय त्यात?"

इलेक्ट्रिशियनला मात्र माझी पद्धत गावंढळ वाटली. पाळत ठेवायला हवी, असं त्याचं मत पडलं. गुरुवारी कामावरून सुटल्यावर तो टोपी घालून मुशैरिबला गेला आणि निळ्या शर्टातल्या एका टकल्या माणसामागे लागला. माणूस ट्राममध्ये चढला, हाही चढला. ट्राम त्या भागात गोल फिरते, तशी दोघांना घेऊन फिरली. शेवटी त्या माणसानंच याला गाठलं आणि तुला नोकरी हवी आहे का, असं प्रेमानं विचारलं. तो अत्तर विकणारा निघाला. आमचा गुप्तहेर दोन बाटल्या घेऊन घरी आला, आणि पुढे बरेच दिवस आमच्या खोलीला लग्नघराचा वास येत होता.

मग माझी पद्धत. एजंटला शुक्रवारी जेवायला बोलवायचं. बघण्याचा कार्यक्रम रीतसर व्हायला हवा, म्हणून मी पलंगावर धुतलेली चादर घातली आणि कांदेपोहे केले. भाईला दाढी करायला लावली. "मीच पोरगी काय?" त्यानं विचारलं. "व्हय, आन् मान खाली घालून बस," मी म्हणालो. इलेक्ट्रिशियन हसून हसून पलंगावरून घसरला.

एजंट आला. मऊ आवाज, इस्त्रीचे कपडे, खजुराची पेटी. आल्या आल्या त्यानं माझ्या गुडघेदुखीची चौकशी केली. खरं सांगतो, मला तो आवडला. स्थळ लबाड असलं की मध्यस्थ असाच आवडेलसा असतो, हे मला माहीत होतं, तरीही आवडला.

मी हिंदीत एकेक विचारत गेलो. जायचं ते गाव कुठलं? खोलीत किती जण? सुट्टी कधी? प्रत्येक उत्तराच्या शेवटी इन्शाल्ला होता, आणि सुरुवातीला काहीच नव्हतं. अखेर मी ठेवणीतला प्रश्न काढला. त्या घरात आधीची सून आहे का? म्हणजे तुमच्यातर्फे कुणी तिकडे गेलेलं, नांदतं माणूस आहे का? तिच्याशी बोलल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही.

त्याची तयारी होती. "है ना! आप ही की तरफ का लडका है, रत्नागिरी का," असं भाईला म्हणून त्यानं लगेच व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर एक तरुण आला. नवं जाकीट, मागे निळी भिंत. तो हिंदीत बोलत होता, कारण एजंटनं आधीच सांगून ठेवलं होतं की सगळ्यांना समजेल असं बोलायचं. पगार वेळेवर मिळतो, म्हणाला. खोलीत हीटर आहे. वेल्डिंगचंच काम आहे. पुढच्या वर्षी बीवीला बोलावणार आहे. हे ऐकलं आणि भाईचा चेहरा असा उजळला की मला माझीच लाज वाटली. एखाद्याचं भलं होत असेल तर आपण कशाला खोड काढावी? पोह्यांवर खोबरं भुरभुरत मी जवळजवळ हार मानली होती.

पण सवय जात नाही. आमच्याकडे एकदा एका मुलाकडच्यांनी मोठं घर दाखवलं होतं. फ्रिज, सोफा, सगळं जागच्या जागी. मी मुलाला म्हणालो, बाबा, पाणी दे. तो स्वयंपाकघरात गेला आणि पेला शोधायला एकामागून एक कपाटं उघडायला लागला. घर त्यांचं नव्हतंच, बघण्यापुरतं मागून आणलेलं होतं. तेव्हापासून मी पगार कमी विचारतो आणि पाणी आधी मागतो. पाणी कोण आणतं, कुठून आणतं आणि उठायच्या आधी कुणाच्या तोंडाकडे बघतं, यात सगळं घर समजतं.

मी माझा पेला कॅमेऱ्यासमोर धरला. "बोल बोल के गला सूख गया होगा. थोडा पानी पी लो, बेटा. हम भी पी रहे हैं."

"हां, हां," तो हसला. पण उठला नाही.

"अरे उठो, शरमाओ मत. घर तुम्हारा है."

त्यानं दाराकडे पाहिलं नाही, नळाकडे पाहिलं नाही. फोनच्या डाव्या बाजूला, आम्हाला न दिसणाऱ्या कुणाकडे तरी पाहिलं आणि हळूच विचारलं, "पानी ले लूं?"

आमच्या खोलीत पातेल्यावरचं झाकण तेवढं खडखडत होतं. एजंट हसला. मजाक करता है, म्हणाला. भाईनं आपली मान वर केली, पेला खाली ठेवला आणि फोन एजंटच्या हातातून काढून घेतला. आता तो हिंदीत बोलला नाही.

"कुठला रे तू? कुनाचा?"

तो तरुण फोनच्या अगदी जवळ आला. चेहऱ्यावरचं हसू त्यानं तसंच ठेवलं होतं आणि त्या हसऱ्या तोंडानं भरभर बोलला, "खाडीपल्याडचा. भावाचं मच्छीचं दुकान हाय जेटीवर. त्याला सांगा, मी बरा नाय."

कॉल बंद झाला.

एजंट म्हणाला, नेटवर्क. मग त्याला दुसरीकडे जायची आठवण झाली. पोहे अर्धे टाकून गेला. माझे पोहे आजवर कुणी टाकलेले नाहीत, लग्न मोडलेल्यांनीसुद्धा नाही. इलेक्ट्रिशियन ताडकन उठला आणि आता पाठलाग करतो म्हणाला. मी त्याला खाली बसवलं, कारण खोलीत आणखी अत्तर ठेवायला जागा नव्हती. एजंटचा फोटो मात्र त्यानं पोहे खातानाच काढून ठेवला होता. आम्ही तो दूतावासात दिला, पोलिसांत दिला. नंबर त्याच संध्याकाळी बंद झाला होता. गालावर व्रण नसलेला तो माणूस आजही कुठल्या तरी खोलीत खजुराची पेटी उघडून बसला असेल, या विचारानं माझं डोकं अजून तापतं.

त्यानंतर भाई खोलीत थांबतच नव्हता. दोहातल्या कोकणी मंडळींना तो एकेक करून भेटत गेला. कुठली जेटी, तिथं मच्छीवाले कोण, कुणाचा भाऊ परदेशी गेला, कुणाची आत्या कुणाच्या घरात दिली. ज्या पद्धतीला लोक गावंढळ म्हणत होते तीच चालली, याची मी इलेक्ट्रिशियनला चहा देताना, भात वाढताना आणि मधल्या वेळेतही आठवण करून दिली. चौथ्या दिवशी भाई त्या तरुणाच्या भावाशी फोनवर बोलत होता. भावाला काहीच माहीत नव्हतं. त्याला दर आठवड्याला 'मजेत आहे' असा निरोप यायचा आणि तो गिऱ्हाइकांना कौतुकानं ऐकवायचा.

भावाकडे एक फोटो होता. पोचल्या दिवशी काढलेला, मागे गावाची पाटी. पाटीवरची अक्षरं आमच्यापैकी कुणालाच लागेनात. इलेक्ट्रिशियननं फोटो मोठा करून एकेक अक्षर कागदावर उतरवलं, नकाशात शोधत बसला आणि गाव हुडकून काढलं. तेव्हा मी त्याला सलाम केला. तुमच्या सोयरिकीत हे बसत नव्हतं, मामा, असं त्यानं ऐकवलं. मी ऐकून घेतलं.

पुढचं आमच्या हातात नव्हतं. भाऊ पोलिसांकडे गेला, तिथून कागद दिल्लीला गेले, युरोपातल्या मजुरांच्या एका संस्थेनं दखल घेतली. आठवडे जात राहिले. भाईनं राजीनामा दिला नाही. मला वाटलं होतं तो माझे आभार मानेल. तो माझ्याशी धड बोलेना.

एकदा भांडी घासताना पाठमोराच म्हणाला, "मामा, तुमी बरोबर केलंत. पन माज्या मुलीला मी सांगून बसलो होतो."

वाईट स्थळ मोडलं तरी घरात सनई वाजायची राहिलेली असतेच. मी त्याच्या शेजारी उभा राहून भांडी पुसली.

इलेक्ट्रिशियननं ती कथा अर्धवट सोडली. त्या म्होरक्याचं काय झालं, मी विचारलं. "वाचवंना, मामा. आता ट्रकमधी तो जाकीटवाला दिसतो," म्हणाला. शुक्रवारी आमच्याकडे नुसता कांदा परतल्याचा आवाज यायला लागला.

अशाच एका शुक्रवारी, मटण अर्धं शिजलेलं असताना, भाईचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, अनोळखी नंबर. तोच तरुण होता, नंबर त्यानं भावाकडून घेतला होता. आता जाकीट नव्हतं, कुणाचा तरी ढगळ स्वेटर होता आणि गालफडं बसली होती. दोन दिवसांपूर्वी पोलिसांनी काढलं, म्हणाला. वेल्डिंग कसलं, दिवसभर अळंबी खुडायची, बाहेरून कुलूप. सोबत आणखी माणसं होती, तीही सुटली. आता एका संस्थेच्या घरात राहतो, पासपोर्ट मिळाला की गावाला जाणार.

बोलता बोलता त्याचा घसा सुकला. मग तो तरुण "एक मिनिट हां" म्हणाला आणि उठून गेला.

पडद्यावर नुसती खुर्ची राहिली. लांब कुठंतरी नळ सुटल्याचा आवाज आला. आम्ही तिघं त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभे होतो. आमचं मटण करपत होतं आणि कुणी हलत नव्हतं.

भाईनं बाहीनं डोळे पुसले.

"बघितलंत, मामा?" तो म्हणाला. "नाय विचारलान कुनाला."