सावलीबाहेरचा दगड

भिका आबा गेल्याची बातमी मला एक दिवस उशिराच कळली. श्रावण सरत आला होता. तुंगार्लीतल्या माझ्या बिऱ्हाडासमोर कातळवाडीचा एक माणूस इरलं घेऊन उभा होता. वर ये म्हटलं तरी पायरी चढेना. "आबा गेलं, मास्तर. काल सकाळीच. वढ्याला पानी लय, म्हनून काल निगता आलं न्हाई," एवढं सांगून त्यानं इरलं डोक्यावर घेतलं. मी म्हणालो, "बरं." ... तीस वर्षं मुलांना भाषा शिकवली आणि ऐन वेळी तोंडातून निघालं काय, तर 'बरं'! तो दिसेनासा झाल्यावर आठवलं की त्याला साधं पाणीसुद्धा विचारलं नाही. त्याला आता महिना होऊन गेला. या महिन्यात मी दूधवाल्याशी दोनदा आणि स्टेशनवरच्या हमालाशी एकदा विनाकारण भांडलो. मग ध्यानात आलं की भांडायचं आबांशी होतं, आणि ते आता जमणार नाही. म्हणून लिहायला बसलो.

आबा म्हणजे कातळवाडीचे म्होरके. वडिवळ्याच्या वर दीड तासाच्या चढावर डोंगराच्या खांद्याला ही वीस-बावीस घरांची वाडी. पहिलं महायुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा माझी बदली तिकडच्या शाळेवर झाली. मी पुण्यात वाढलेला. डोंगरावरची शाळा म्हणजे मला शिक्षाच वाटली होती. वाडीच्या मागं वाघजाईची राई होती. जांभूळ, हिरडा, बेहडा, ऐन, सगळी झाडं अशी की दोघांनी हात धरले तरी बुंधा कवेत येऊ नये. मधोमध एक झरा. त्याच पाण्यावर वाडी प्यायची आणि खाली वडिवळ्याची भातखाचरं उन्हाळ्यापर्यंत ओल धरून असायची. राईच्या शिवेवर वहाणा काढायच्या, आत कुऱ्हाड न्यायची नाही, पडलेली काटकीही उचलायची नाही, हे नियम मला पहिल्याच दिवशी सांगितले गेले. एक नियम मात्र मी मोडल्यावर कळला. मी सहज म्हणालो, "आबा, तुमची राई फार सुंदर आहे." आबांनी दोन्ही कानांना हात लावले. "आमची न्हाई, मास्तर. आईची. हिला जो माजी म्हनंल, त्याला हिची सावली वर्ज्य. त्यानं पुन्ना आत पाय टाकायचा न्हाई." मी हसलो. तेव्हा मी तिशीत होतो आणि मला बऱ्याच गोष्टींचं हसू यायचं.

पुढच्याच वर्षी मोजणीवाले आले. साखळ्या टाकल्या, निशाणं रोवली आणि चावडीत वाडीला एक प्रश्न विचारला : हे रान कोणाच्या मालकीचं? सगळी वाडी एका सुरात म्हणाली, "आमचं न्हाई." माणसं चांगली होती, सवयीप्रमाणे खरं तेच बोलली. जबाब लिहायला वाडीत साक्षर मीच. मला तर गहिवरून आलं. एवढं मोठं रान दारात असून एकालाही त्याचा मोह नाही! मी टाक सरसावला आणि वळणदार मोडीत लिहून दिलं की या रानावर आम्हां कोणाचीही मालकी नाही, वहिवाट नाही, हक्क नाही. 'वहिवाट नाही' हे तर कोणी विचारलंही नव्हतं. वाक्याला तोल यावा म्हणून ते मी पदरचं घातलं. बावीस अंगठे उठले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

दोन वर्षांनी त्याचं फळ पदरात पडलं. कोणाचंच नाही ते सरकारी पडीक, असा साधा हिशेब. एका सकाळी ठेकेदाराची माणसं आली आणि राईतल्या झाडांवर चुन्याचे पट्टे ओढू लागली. कोळशाच्या भट्ट्या लागणार होत्या. लोणावळ्याच्या बंगल्यांत तेव्हा चुली कमी आणि शेगड्या जास्त होऊ लागल्या होत्या. माणसं वहाणा घालून आत हिंडत होती. वाडी शिवेवर उभी राहून बघत होती. आबा शाळेत आले. मी आडवंतिडवं समजावलं, आणि शेवटी कबूल केलं की घोळ माझ्या हातचा आहे. मला वाटलं, आता शिव्या बसणार. आबा म्हणाले, "लिवताना तुमी लिवलं, अंगठा आमी दिला. आता निस्तरायचं दोगांनी. कुटं जायाचं ते सांगा."

त्या पावसाळ्याआधीच्या दोन महिन्यांत आम्ही तालुक्याला किती खेपा घातल्या ते मोजलं नाही. मी अर्ज लिहायचा, आबांनी तो धोतराच्या सोग्यात बांधून आणायचा. ऊन मी म्हणत होतं. एकदा मी वाटेत बसकण मारली आणि म्हणालो की होणारं होऊन जाऊ दे, झाडं पुन्हा उगवतात. आबा माझ्यापुढं उभे राहिले. "उगवत्यात. पर झरा उगवत न्हाई. उटा." उठलो... वडिवळ्याची मंडळी आधी अंग राखून होती. वरच्या रानाशी आमचा काय संबंध, म्हणत. आबा त्यांच्या चार कर्त्या शेतकऱ्यांना वर घेऊन आले, झऱ्यापासून त्यांच्या खाचरापर्यंत पाण्याच्या काठाकाठानं चालत नेलं, आणि वाटेत अवाक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून खेपांना वडिवळ्याची बैलगाडी मिळू लागली.

अखेर मामलेदार चौकशीला वाडीत आले. वयस्क, नाकासमोर चालणारे गृहस्थ. ते म्हणाले, "देवीचं रान हे मला मान्य. पण देवी जबाब द्यायला यायची नाही. कागदावर माणूस लागतो. हे रान वहिवाटीनं माझं आहे, असं सांगणारा कोणी आहे?" मी आठवडाभर घरोघर फिरून हेच पढवलं होतं. नुसतं 'आमचं' म्हणा, देवीला मी समजावतो, असंही बरळलो होतो. पण वेळ आली तेव्हा सगळ्यांच्या माना खाली. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. एका शब्दासाठी राई जाणार होती, आणि तो शब्द बावीस घरांतल्या एकाच्याही जिभेवर येईना. मग आबा उठले. डोक्याचं मुंडासं काढून काखेत धरलं आणि खणखणीत म्हणाले, "ह्ये रान माजं हाय." बाया रडायला लागल्या. आबांची बायको काशीमावशी तेवढी खांबाला टेकून सरळ बघत होती.

मामलेदारांनी परीक्षा पाहायची ठरवली. "तुझं आहे तर आत काय आहे सांग." आबा म्हणाले, "तुमी आत चला सायेब, मी हितनं सांगतो." मामलेदार शिवेवर क्षणभर थांबले, मग बूट काढले आणि मोज्यांवर आत शिरले. मी मागं. आबा शिवेबाहेर उभे राहून ओरडून सांगू लागले : "उजव्या हाताला बेहडा, त्याच्या बुंध्याला वारूळ... म्होरं दोन ऐन, एकाला ईज लागलेली... डावीकडं जांभूळ, त्याची ढोली पूर्वेला..." झाडामागून झाड. हाका पुसट होत गेल्या, पण चूक एकही निघाली नाही. आग रोखायचा जाळपट्टा कुठून कुठं काढतात, वणवा कोणत्या साली कुठं विझवला, सगळं आलं. अखेर मामलेदारच म्हणाले, "पुरे, मास्तर. वहिवाट म्हणजे आणखी काय असतं?" मी तेव्हा आनंदात इतका बुडालो होतो की आबा बाहेर का राहिले, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

ठेका रद्द व्हायला आणखी सहा महिने लागले. मग आबांनीच विषय काढला की रान आपल्या नावावर एक दिवसही जास्त राहायला नको. आम्ही विश्वस्तपत्र केलं. पाच पंच : तीन वाडीचे, दोन वडिवळ्याचे. त्यांनी राई सांभाळायची, विकायची नाही, गहाण टाकायची नाही, तोडायची नाही. पडलेलं लाकूडही कोणत्याही कारणानं, कोणासाठीही बाहेर न्यायचं नाही. इथं मी शहाणपणा केला. म्हटलं, पावसाळ्यात सरणाला कोरडं लाकूड मिळत नाही, तेवढी सवलत ठेवू. आबा म्हणाले, "मयत काय एकदा हुतंय व्हय? कुडाला माणसापुरतं भोक पाडलं की त्यातनं बैल बी आत येतोय." सवलत गेली. कागदावर अंगठा उठवून आबांनी तो राखेनं पुसला आणि म्हणाले, "आता झोप यील."

त्यानंतर आबा राईत कधीच गेले नाहीत. वाडीनं विनवलं. कौल लावला, उजवा मिळाला, देवीनं माफ केलं म्हणून सगळे नाचले. आबा ढिम्म. "आईनं सोडलं आसंल, मी सोडलं न्हाई. बोललो ते बोललो." राईच्या पूर्वेला शिवेलगत त्यांचं नाचणीचं वावर होतं. तिथं एक बसका दगड आणून टाकला आणि दिवसभर त्यावर बसून राखण करू लागले. पाठीला घोंगडी, हातात काठी. दुपार कलली की राईची सावली वावरात उतरायची. ती दगडाला टेकायच्या आत आबा उठून घरी जायचे. एकदा मी बोलत बसलो होतो, माझं वाक्य अर्धवट असतानाच ते उठले. मला राग आला. त्यांनी काठीनं नुसती जमीन दाखवली. सावली हातभर अंतरावर आली होती. त्या दिवशी मला ते शिवेवरून ओरडणं आठवलं आणि मी खाली मान घालून शाळेत परतलो.

गंमत पुढंच आहे. हिरड्या-जांभळाच्या बिया वाऱ्यापाखरांनी शिवेबाहेर पडत होत्या. वावराच्या कडेला रोपं उठू लागली. दुसरा कोणी असता तर नांगरून टाकता. आबांनी नांगर अलीकडूनच वळवला. रोपांची झाडं झाली, सावली लांबली, आणि आबांनी दगड मागं ओढला. दर दोन-तीन वर्षांनी हे व्हायचं. काशीमावशी करवादायची, "घरची नाचनी चाल्ली देवाला, आन ह्ये दगूड सरकवत्यात!" आबा म्हणायचे, "रान म्होरं येतंय, मी मागं सरतो. भांडान न्हाई, तंटा न्हाई."

या दुसऱ्या महायुद्धात लाकडाला पुन्हा सोन्याचे दिवस आले. नवा ठेकेदार आला, पाचही पंचांच्या घरी जाऊन बसला. मी एव्हाना निवृत्त होऊन तुंगार्लीला आलो होतो. कानावर आलं तसा विश्वस्तपत्राची नक्कल घेऊन धावत गेलो. पोचलो तर ठेकेदार आबांच्या दगडासमोर उभा. आबा बसल्या जागेवरून म्हणत होते, "मालक कोन म्हनून इचारताय? एकदा एकजन मालक झालता. त्यो बगा, उनात बसलाय." पंचांपैकी एकही फुटला नाही. माझी नक्कल खिशातच राहिली.

मी दहाव्याला वाडीत गेलो. कामशेतपर्यंत गाडी, पुढं चिखल. काशीमावशीनं सगळं सांगितलं. आबा गेले त्या दिवशी पाऊस कोसळत होता, कोरडं सरपण कुणाकडंच नव्हतं. राईत वादळानं पडलेला एक हिरडा होता, दाट फांद्यांखाली बराचसा सुकलेला. पंचच म्हणाले, आबांना राईचंच लाकूड देऊ, त्यांचा हक्क आहे. मावशी दारात आडवी उभी राहिली. "हक्क म्हनू नगा. त्याच शब्दापायी उभा जलम उनात काडला त्यांनी. कागदावर अंगटा हाय त्यांचा." मग तिनं गोठ्याचं छप्पर उतरवायला लावलं. आढं, वासे, मेढी, सगळं कोरडं ठणठणीत. बैल त्या दिवसापासून ओसरीवर बांधले आहेत.

विधी आटोपल्यावर ऊन पडलं. आम्ही वावरात गेलो. मी जुन्या शिवेपासून दगडापर्यंत पावलं टाकली. चौसष्ट भरली. एवढं रान माझ्या डोळ्यांदेखत उभं राहिलं, आणि मी त्याला आबांचा हट्ट म्हणत आलो होतो. पंच म्हणत होते की आता दगड उचलून आत झऱ्यापाशी नेऊ, आबांना तेवढा मान देऊ. मावशी म्हणाली, "दगूड हाय तितंच ऱ्हाऊ द्या. ह्येंनी कुनाकडं कदी काय मागितलं न्हाई. रान यील चालत." मग माझ्याकडं वळली. "मास्तर, कागद आनलाय का? लिवा. ह्ये वावर माजं हाय, म्हनून बोलते. ह्ये बी राईत घाला. आन बैलासाटी सुदिक भोक ठिवू नगा."

मी दगडाशेजारी बसून कच्चा मजकूर लिहायला घेतला. या खेपेला एकही शब्द पदरचा घातला नाही. लिहिता लिहिता दुपार कलली, सावली वावरातून पुढं आली, हातभर अंतरावर आली... मी सवयीनं मान वर केली. दगडावरून उठणारं कोणी नव्हतं. सावली दगडाला टेकली, वर चढली, पलीकडं उतरली. मावशीनं वहाणा काढल्या. मीही काढल्या.